हँडगनचे कॅलिबर निवडताना गोळीकडे कसे पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: कायदेशीर परवान्यावर स्वसंरक्षणासाठी पहिली हँडगन घ्यायची आहे; ९ मिमी, .४० आणि .४५ यांपैकी कोणते कॅलिबर घ्यावे, आणि मोठ्या कॅलिबरची गोळी समोरच्याला जागच्या जागी आडवे करते असे जे सर्रास सांगितले जाते त्यात तथ्य किती? नेमबाजीचा प्रशिक्षक म्हणून हा प्रश्न मला सतत विचारला जातो, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून. तुमच्याकडचा कायदा परवानगी देत असेल आणि हाताची काही विशेष अडचण नसेल, तर मध्यम किंवा पूर्ण आकाराचे ९ × १९ मिमीचे पिस्तूल घ्यावे आणि त्यात १२४ किंवा १४७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) चांगल्या बनावटीची, आधुनिक होलो पॉइंट गोळी, म्हणजे टोकाला खळगा असलेली आणि शरीरात शिरल्यावर फुलून रुंद होणारी गोळी, वापरावी. कारणे मात्र नीट समजून घ्यावीत, कारण परिस्थिती जरा बदलली, म्हणजे पिस्तूल लहान असले, कॅलिबर कायद्यानेच ठरवून दिलेले असले किंवा मनगट अशक्त असले, की त्याच कारणांवरून उत्तर बदलते.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा किंवा नळीचा व्यास. काडतुसाच्या नावावरून मात्र तो नेमका कळेल याची खात्री नसते. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या दोन्ही काडतुसांतली गोळी एकाच व्यासाची, म्हणजे .३५७ इंचाची असते. .३८० एसीपी आणि ९ × १९ या दोन्हींत ती .३५५ इंचाची असते, पण पुंगळीची (गोळी आणि दारू धरून ठेवणाऱ्या काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याची) लांबी, दारूचे प्रमाण आणि दाब यांत इतका फरक आहे की एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. ९ × १८ माकारोव्हमधली गोळी नावाने ९ मिमी असूनही प्रत्यक्षात ९.२७ मिमीची असते. म्हणून नुसते ‘नऊ एमएम’ एवढे ऐकून काडतूस विकत घेऊ नये. नळीवर कोरलेले पूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा ठसा तंतोतंत जुळला पाहिजे.

आता ‘आडवे करण्याच्या’ ताकदीकडे येऊ. या समजुतीचा निकाल साध्या भौतिकशास्त्राने लागतो. .४५ एसीपीची २३० ग्रेनची, म्हणजे १४.९ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २६० मीटर वेगाने निघते. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार केला तर तिचा संवेग ३.९ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास येतो. ८० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात हा सगळा संवेग मुरला, तरी त्या शरीराला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ५ सेंटिमीटर असतो. त्याने कोणी मागे फेकला जात नाही. तेवढाच संवेग उलट दिशेने गोळी झाडणाऱ्याच्या हातालाही मिळत असतो आणि तो तर उभाच राहतो. गोळी लागल्यावर माणूस ताबडतोब कोसळला, तर त्यामागे मज्जासंस्थेवर झालेला आघात किंवा मनाला बसलेला धक्का असतो. या दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत तर रक्तस्राव हाच एक मार्ग उरतो आणि त्याला वेळ लागतो. हृदय निकामी झाले तरी मेंदूत १० ते १५ सेकंद हालचाल करण्यापुरता प्राणवायू शिल्लक असतो, असे एफबीआयने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात स्पष्ट म्हटले आहे. कोणत्याही हँडगनकडून अपेक्षा ठेवताना हे वाक्य डोळ्यांसमोर असावे, असे मला मनापासून वाटते.

गोळी ऊतींमध्ये शिरते तेव्हा दोन पोकळ्या तयार होतात. एक कायमची पोकळी, म्हणजे गोळीने प्रत्यक्ष चिरडत नेलेला मार्ग. दुसरी तात्पुरती पोकळी, म्हणजे गोळीच्या मार्गाभोवतीच्या ऊती क्षणभर बाहेरच्या बाजूला ताणल्या जाऊन पुन्हा जागेवर येतात ती. रायफलच्या गोळीचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या बराच वर असतो आणि त्या वेगाला हा ताण स्वतःच ऊती फाडू शकतो. हँडगनचा वेग बहुधा २५० ते ४५० मीटरच्या दरम्यान असतो. तिथे स्नायू, त्वचा आणि फुप्फुस यांसारख्या लवचीक ऊती तो ताण फारशी इजा न होता सोसतात, फक्त यकृतासारख्या कमी लवचीक अवयवांचा अपवाद करावा लागतो. म्हणून हँडगनच्या बाबतीत भिस्त ठेवायची ती कायमच्या पोकळीवर, म्हणजेच गोळी किती खोल जाते आणि वाटेत किती रुंद होते या दोन गोष्टींवर. वेष्टनावर छापलेली ऊर्जा, मग ती जूलमध्ये असो वा फूट-पाउंडमध्ये, या दोहोंपैकी काहीच सांगत नाही. ऊर्जेचे आकडे पाहून काडतूस निवडणाऱ्यांना मी नेहमी आधी हाच मुद्दा समजावतो.

यांत पहिला मान खोलीचा. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे एफबीआयचे आठ एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात झालेली चकमक या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. चकमकीच्या सुरुवातीलाच एका दरोडेखोराच्या उजव्या दंडाला ९ मिमीची ११५ ग्रेनची होलो पॉइंट गोळी लागली. ती दंड पार करून छातीत शिरली, फुलली आणि हृदयापासून साधारण इंचभर अलीकडे थांबली. जखम प्राणघातक होती, तरीही तो माणूस पुढे काही मिनिटे लढत राहिला. दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. त्या गोळीने आपले काम, म्हणजे त्या काळी तिच्याकडून अपेक्षित असलेले लवकर फुलण्याचे काम, चोख केले होते. उणी पडली ती खोली. प्रत्यक्षात समोरचा माणूस चित्रातल्यासारखा छाती पुढे करून उभा नसतो. त्याचे हात शस्त्रासह पुढे आलेले असतात, तो तिरका किंवा ओणवा असतो, आणि गोळीला दंडातून किंवा खांद्यातून वाट काढत आत जावे लागते. या घटनेनंतर १९८७ मध्ये क्वांटिको येथे जखमशास्त्राचे जाणकार एकत्र बसले, आणि त्यातून जो निकष पुढे आला तो आज जगभर वापरला जातो: प्रमाणित जिलेटिनमध्ये, म्हणजे चाचणीसाठी ऊतींच्या जागी वापरल्या जाणाऱ्या ठोकळ्यात, गोळी किमान १२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर गेली पाहिजे, आणि १८ इंच, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत थांबली तर उत्तम.

हे जिलेटिन म्हणजे माणसाचे शरीर नव्हे, हे सुरुवातीलाच मान्य करायला हवे. त्यात हाडे नसतात, पोकळ्या नसतात, त्वचा नसते. पण ते प्रत्येक वेळी सारखेच बनवता येते, आणि तुलनेसाठी तीच गोष्ट मोलाची आहे. १० टक्के जिलेटिन पाण्यात विरघळवून ठोकळा ४ अंश सेल्सियसला थंड करतात. मग त्याचा घट्टपणा योग्य आहे का हे तपासायला सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने ४.५ मिमीचा पोलादी छर्रा झाडतात. तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबला तरच ठोकळा चाचणीला योग्य मानतात. ही पडताळणी न करता घरगुती जिलेटिनवर किंवा पाण्याने भरलेल्या डब्यांवर केलेल्या प्रयोगांवरून खोलीचे आकडे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. एफबीआयच्या चाचणीत उघड्या ठोकळ्याबरोबरच जाड कपडे, पत्रा, जिप्सम बोर्डची भिंत, प्लायवूड आणि मोटारीची काच असे अडथळे ठेवून तीच गोळी पुन्हा पुन्हा झाडली जाते. सामान्य नागरिकाने त्यातल्या दोनच निकालांकडे बारकाईने पाहावे: उघडा ठोकळा आणि जाड कपडे. मोटारीच्या काचेतून गोळी झाडण्याची वेळ पोलिसांवर येते, घरातल्या माणसावर सहसा येत नाही.

कपड्यांची चाचणी बहुतेकांना वाटते त्याहून कितीतरी अधिक बोलकी असते. चाचणी झालेला ठोकळा उजेडासमोर धरला की गोळीचा मार्ग स्वच्छ दिसतो. सुरुवातीला एक अरुंद गळा, मग जिथे गोळी फुलली तिथून आडव्या भेगांचा पसारा, आणि पुढे निमुळती होत गेलेली रेघ, जिच्या टोकाला गोळी अडकलेली असते. ती चिमट्याने काढून पाहिली की कधी सहा सारख्या पाकळ्या मागे वळलेल्या दिसतात; आणि कधी गोळी जवळजवळ जशीच्या तशी असते, तिच्या टोकाच्या खळग्यात डेनिमचा आणि सुती कापडाचा घट्ट बोळा बसलेला असतो. दुसऱ्या प्रकारात खळगा बुजल्यामुळे आत द्रव शिरला नाही, पाकळ्या उघडल्या नाहीत, आणि गोळी साध्या पूर्ण आवरणाच्या (शिसे धातूच्या आवरणाने झाकलेल्या, न फुलणाऱ्या) गोळीसारखी ठोकळ्यात फार खोलवर गेली. जुन्या होलो पॉइंट गोळ्यांची खरी उणीव हीच होती. नंतरच्या काळात खळग्याचा आकार, आवरणावरच्या खाचा आणि शिसे व तांब्याचे आवरण एकमेकांना चिकटवण्याच्या पद्धती सुधारल्या. काही गोळ्यांत तर खळगा बुजू नये म्हणून त्यात मऊ पॉलिमर भरतात. आजची चांगली ९ मिमीची गोळी १९८६ च्या गोळीपेक्षा कितीतरी उजवी आहे, आणि कॅलिबरांमधली दरी बुजवली असेल तर ती याच सुधारणांनी.

ही गोळी एका ठरावीक वेगाच्या टप्प्यातच नीट फुलते, हेही ध्यानात घ्यावे. वेग कमी पडला तर ती फुलत नाही. फार जास्त झाला तर लवकर फुलते, कधी तुकडे होतात आणि खोली घटते. पूर्ण लांबीच्या नळीसाठी बेतलेले काडतूस अगदी आखूड नळीच्या खिशातल्या पिस्तुलातून झाडले की वेग लक्षणीय घटतो. अशा पिस्तुलासाठी आखूड नळी गृहीत धरून बनवलेली काडतुसेच घ्यावीत. वजनाच्या बाबतीत माझा कल ९ मिमीमध्ये १२४ आणि १४७ ग्रेनकडे आहे. ११५ ग्रेनची गोळी सरावाला उत्तम, पण फुलणाऱ्या गोळ्यांत ती खोलीला कमी पडण्याची शक्यता जास्त. १४७ ग्रेनची गोळी साधारणपणे ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास जाते, तिचा धक्का काहीसा सौम्य वाटतो, आणि चांगल्या बनावटीत ती कपड्यांमागेही नीट फुलते.

आता तिन्ही कॅलिबरे शेजारी ठेवून पाहा. ९ मिमीची १२४ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटरने निघते, .४० एस अँड डब्ल्यूची (स्मिथ अँड वेसन) १८० ग्रेनची ३०० मीटरने आणि .४५ ची २३० ग्रेनची २६० मीटरने. तिघींची ऊर्जा ५०० जूलच्या आगेमागेच येते. न फुललेल्या स्थितीत ९ मिमी आणि .४५ यांच्या व्यासात जेमतेम अडीच मिलिमीटरचा फरक आहे. फुलल्यावर पहिली साधारण १४ ते १६ मिमीची होते, तर दुसरी १७ ते २० मिमीची. दोन्ही ३० ते ४५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात थांबतात. म्हणजे .४५ चा फायदा खरा आहे, नाकारण्यासारखा नाही. पण तो गोळीच्या मार्गाच्या कडेला असलेल्या दोन-तीन मिलिमीटरांपुरता आहे. नेम चार बोटे चुकला तर तो फायदा कुठल्या कुठे जातो.

.४५ ची कीर्ती मुळात वेगळ्या काळातली आहे. फिलिपिन्समधल्या लढायांत .३८ लाँग कोल्टची रिव्हॉल्व्हरे अपुरी पडल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकी सैन्याने १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांकडून जनावरांवर आणि मृतदेहांवर चाचण्या करून घेतल्या. चाचण्यांची संख्या थोडी होती आणि पद्धत आजच्या कसोटीला उतरणारी नव्हती, तरी लष्करी हँडगनचे कॅलिबर .४५ पेक्षा कमी नसावे हा त्यांचा निष्कर्ष पुढे अमेरिकी सैन्याच्या .४५ कॅलिबरच्या १९११ च्या पिस्तुलापर्यंत पोचला. त्या काळी फुलणाऱ्या गोळ्या सैन्याच्या उपयोगात नव्हत्या, त्यामुळे व्यास वाढवायचा तर मुळातच जाड गोळी घ्यावी लागे. त्या मर्यादेत त्यांचे म्हणणे गैर नव्हते.

मायामीनंतर एफबीआयने उलट दिशेचा अनुभवही घेतला. आधी १० मिमी ऑटो निवडले. त्याचा धक्का अनेक एजंटांना झेपेना, म्हणून त्यातला दारूचा भार सौम्य केला. तो सौम्य भार लहान पुंगळीत मावतो हे पाहून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू बाजारात आले आणि अमेरिकेतल्या पोलीस दलांत झपाट्याने पसरले. २०१४ च्या सुमारास त्याच संस्थेच्या प्रशिक्षण विभागाने पुन्हा ९ मिमीची शिफारस केली. त्यांचे कारण मला फार पटते: आधुनिक गोळ्यांत जखमेचा फरक ओळखता येण्याजोगा उरलेला नाही, आणि बहुतेक एजंट ९ मिमीने अधिक वेगाने व अधिक अचूक झाडतात. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या लक्ष्याला लागतच नाहीत, असेही त्या शिफारशीत नमूद आहे. प्रशिक्षित माणसांचे हे असेल, तर कॅलिबरच्या निवडीत हाताची पकड आणि नेम यांना किती वजन द्यायचे हे वेगळे सांगायला नको.

धक्क्याचा हिशेब साधा आहे. वर दिलेल्या आकड्यांवरून .४५ च्या गोळीचा संवेग ९ मिमीच्या गोळीपेक्षा सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त येतो. तेवढ्याच वजनाच्या पिस्तुलात हाताला जाणवणारी धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती १.९ पटीच्या आसपास जाते. तगड्या, सराव असलेल्या माणसाला ती पेलते. पण नवशिक्यात तिच्यामुळे एक सवय रुजते, जी नंतर काढणे फार अवघड जाते: गोळी सुटण्याच्या ऐन क्षणी हात आधीच दचकतो. ही सवय उघडी पाडण्यासाठी मी शिकणाऱ्याच्या मॅगझिनमध्ये त्याला न सांगता खऱ्या काडतुसांत एखाददुसरे डमी (दारू नसलेले) काडतूस मिसळून देतो. खरी गोळी सुटते तेव्हा धक्क्याच्या गडबडीत चूक झाकली जाते; डमीवर चाप ओढला की नुसता खट्‌ आवाज होतो, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) हलत नाही, आणि नळीचे तोंड मात्र दोन-तीन बोटे खाली झुकलेले सगळ्यांना दिसते. ज्या कॅलिबरमध्ये हे झुकणे तुम्हाला सरावाने थांबवता येते, ते तुमचे कॅलिबर. म्हणूनच पिस्तूल विकत घेण्यापूर्वी दोन-तीन कॅलिबरे रेंजवर स्वतः झाडून पाहावीत, आणि एका नेमक्या गोळीवरून मत बनवू नये. सलग पाच गोळ्या घाई करून झाडल्यावर त्या तळहाताएवढ्या जागेत बसतात का, ते पाहावे.

अनेक ठिकाणी कायदाच नागरिकांना लष्करी कॅलिबर ठेवू देत नाही, आणि मग .३२ किंवा .३८० एवढेच पर्याय उरतात. इथे माझा सल्ला वेगळा आहे. .३२ एसीपीची ७१ ग्रेनची गोळी सुमारे २७५ मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा १७५ जूलच्या आसपास असते. इतक्या कमी ऊर्जेत गोळीने फुलायचेही आणि ३० सेंटिमीटर जायचेही, हे दोन्ही सहसा साधत नाही. फुलली तर उथळ राहते. म्हणून .३२ मध्ये मी पूर्ण आवरणाचीच गोळी सुचवतो आणि खोलीची खात्री करून घेतो. .३८० मध्ये दोन्ही साधणाऱ्या थोड्या गोळ्या आहेत, पण त्या चाचणीचे निकाल पाहूनच निवडाव्यात. .२२ रिमफायरमध्ये गोळीपेक्षा पेटण्याची अडचण मोठी आहे. तिचे पेटते रसायन पुंगळीच्या कडेत भरलेले असते, आणि मध्यभागी प्रायमर (दारू पेटवणारी टिकली) असलेल्या काडतुसांच्या मानाने ती अधिक वेळा दगा देते. तरीही ज्याच्या हाताला याहून जास्त काही पेलत नाही त्याने .२२ घेऊन भरपूर सराव करावा; न पेलणाऱ्या .४५ पेक्षा ती निवड शहाणपणाची आहे.

रिव्हॉल्व्हर हवे असेल तर .३५७ मॅग्नमचे घ्यावे आणि त्यात .३८ स्पेशल वापरावे. .३८ ची पुंगळी सुमारे ३.४ मिलिमीटर आखूड असल्याने ती .३५७ मध्ये चालते, उलटे मात्र चालत नाही आणि चालवूही नये, कारण .३५७ चा दाब जवळजवळ दुप्पट असतो. आखूड नळीच्या हलक्या रिव्हॉल्व्हरमधून पूर्ण भाराचे .३५७ झाडणे बहुतेकांना दुसऱ्या गोळीपर्यंत नेम परत आणू देत नाही, शिवाय बंद खोलीत त्याचा आवाज आणि भडका असह्य असतो.

होलो पॉइंटबद्दल एक आक्षेप नेहमी ऐकू येतो की ही गोळी क्रूर आहे. १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांना मनाई केली आणि त्यामुळे सैन्ये पूर्ण आवरणाची गोळी वापरतात, हे खरे आहे. पण ती घोषणा राष्ट्रांमधल्या युद्धापुरती आहे. वस्तीत परिस्थिती वेगळी असते. ९ मिमीची पूर्ण आवरणाची गोळी जिलेटिनमध्ये ६० सेंटिमीटरच्याही पुढे जाते, म्हणजे ती पहिल्या माणसातून निघून मागच्या माणसाला लागू शकते. फुलणारी गोळी आतच थांबण्याची शक्यता कितीतरी जास्त. मागे कोण उभे आहे याची काळजी असणाऱ्याने म्हणूनच तिचा विचार करावा. अर्थात नेम चुकलेली गोळी कोणत्याही बनावटीची असो, खोलीची साधी भिंत तिला अडवत नाही. लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय चापावर बोट जाता कामा नये. कायद्याने होलो पॉइंट निषिद्ध असेल तर अर्थातच प्रश्न मिटतो, आणि मग ही खबरदारी दुप्पट घ्यावी लागते.

शेवटी निवडलेले काडतूस तुमच्याच पिस्तुलात तपासून घ्या. होलो पॉइंटचे टोक बोथट असते, आणि काही पिस्तुलांत ते मॅगझिनमधून चेंबरकडे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या कप्प्याकडे, चढताना अडकते. नेहमीच्या दोन्ही मॅगझिनांतून निदान शंभर गोळ्या एकही अडथळा न येता झाल्या पाहिजेत. त्यांतल्या काही एका हाताने, सैल पकडीने झाडून पाहा, कारण हलके पिस्तूल ढिल्या मनगटात पुंगळी नीट बाहेर टाकत नाही. भरलेले पिस्तूल वरचेवर रिकामे करून तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवणाऱ्यांनी त्या काडतुसाची लांबी नव्या काडतुसाशेजारी ठेवून पाहावी. आपटून आपटून गोळी पुंगळीत आत सरकते, जागा कमी झाल्याने दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो, आणि .४० मध्ये हे विशेष जपावे लागते. किंचित जरी आखूड दिसले तरी ते काडतूस बाजूला काढा आणि रेंजवरच्या जबाबदार माणसाकडे नष्ट करण्यासाठी द्या. सरावातही ते झाडू नका.